कोळशाचा स्वभाव

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात अख्खा एक सिद्धांत सांगितला आहे, हे ध्यानातही येत नाही. सोयरिकीच्या बैठकीत एखाद्या घराण्याविषयी, शाळेच्या व्हरांड्यात एखाद्या पोराविषयी, चावडीवर एखाद्या वस्तीविषयी ती म्हटली जाते, आणि ती म्हटली गेली की पुढचं बोलणं खुंटतं. तिचा दावा असा की वस्तूचा स्वभाव तिच्या अंगातच असतो, तो जन्माबरोबर येतो, आणि माणसाचे कष्ट तो बदलत नाहीत, फार तर आणखी उघडा पाडतात. शिक्षण, संगत, संधी, साधना यांतलं काहीही त्या काळेपणापर्यंत पोचत नाही. एका म्हणीला इतकं गंभीरपणे घ्यावं का, असं कोणी विचारील. घ्यावं, असं मला वाटतं. माणसाच्या स्वभावाविषयी आपल्या समाजाने केलेले पुष्कळ निवाडे ग्रंथ उघडून झालेले नाहीत, ते अशा म्हणींवरच झाले आहेत. शिवाय ही म्हण आपल्या बाजूने एका पदार्थाला साक्षीला उभं करते. साक्षीदार उभा केला की त्याची उलटतपासणी घेण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. तो हक्क आजवर फारसा कोणी बजावला नाही.

हा साक्षीदार कुठला, ते आधी पाहू. धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या शिवारात दगडी कोळसा नाही. तिथली काळी जमीन बेसाल्टच्या झिजेतून झालेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा तो गाळ. राज्याचा कोळसा आहे विदर्भात, घुग्गुस, बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यात, आणि तो पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडोऱ्याचा आहे. मराठवाड्याशी त्याची गाठ पडते ती परळीच्या औष्णिक वीज केंद्रात. मालगाडीने आलेला कोळसा तिथे भट्टीत जातो, त्याची वीज होते आणि राख मागे उरते. भारतीय कोळशात ही राख थोडीथोडकी नसते, वजनाच्या तीस-चाळीस टक्के राख ही नेहमीची गोष्ट. कोळशाची गत एवढीच असती, म्हणजे काळा होता, जळला आणि राख झाला, तर म्हणीशी वाद घालायला फारशी जागा नव्हती.

पण त्याच कोळशाला दुसरी वाट आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळा गेली काही दशकं ती चोखाळत आहेत. कोळसा बारीक दळायचा, आम्लात धुऊन त्यातली खनिज माती निघेल तितकी काढायची, मग त्याच्या वजनाच्या दुप्पट ते चौपट पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्यात मिसळायचं. हे मिश्रण निकेलच्या मुशीत घालून नळीच्या भट्टीत ठेवायचं आणि भट्टीतून नायट्रोजन वाहता ठेवायचा, कारण हवा आत शिरली तर कोळसा पेटेल. सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसच्या आचेवर तास-दोन तास. त्या आचेत पोटॅशियमचं संयुग कार्बन कुरतडतं, थोडा कार्बन वायू होऊन निघून जातो, आणि सुटं झालेलं पोटॅशियम कार्बनच्या पापुद्र्यांमध्ये शिरून त्यांना फाकवतं. मूस थंड झाल्यावर हाती येतो तो क्षाराने माखलेला काळा चुरा. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि नंतर शुद्ध पाण्याने धुवायचा. गाळणीखाली उतरणारं पाणी आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, असं होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचा. हे धुणं कंटाळवाणं आहे, पण काम तिथेच होतं. तोवर भट्टीत पडलेली छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, ती या धुण्यात मोकळी होतात. वाळवलेली भुकटी बोटावर घेतली तर मूळ कोळशाहून वेगळं काहीच दिसत नाही, उलट ती जास्तच काळी वाटते. वजन पुष्कळ घटलेलं असतं, आणि एका ग्रॅमच्या पोटात दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग उघडा झालेला असतो. शेतकऱ्याच्या मापात बोलायचं तर ग्रॅमभर भुकटीत वीस गुंठे.

एवढा पृष्ठभाग लागतो कशाला? या भुकटीत थोडी वीजवाहक काजळी आणि चिकटवण कालवून धातूच्या पातळ पत्र्यावर लेप दिला की वीज साठवणाऱ्या सुपरकॅपॅसिटरचं इलेक्ट्रोड तयार होतं. अशी दोन इलेक्ट्रोड, मध्ये सच्छिद्र पडदा, आणि सगळं विद्युत-द्रावणात भिजलेलं. वीज जोडली की द्रावणातले आयन छिद्रांच्या भिंतींना येऊन टेकतात, धन एकीकडे, ऋण दुसरीकडे. भिंतीतला भार आणि तिला टेकलेला आयन यांच्यातलं अंतर नॅनोमीटरच्या आतबाहेर असतं. हा दुहेरी थर हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात मांडला, आणि त्यावर चालणाऱ्या साधनाचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरने १९५७ मध्ये घेतलं, तेही सच्छिद्र कार्बनच्याच इलेक्ट्रोडचं. आयन येतात, टेकतात, परत जातात. भिंतीशी त्यांची रासायनिक गाठ बसत नाही, म्हणून झीजही जवळजवळ होत नाही. लिथियमची बॅटरी काही हजार वेळा भरता येते, सुपरकॅपॅसिटर लाखो वेळा. तो काही सेकंदांत भरतो आणि तितक्याच झपाट्याने रिकामा होतो. साठा मात्र बेताचा, किलोमागे पाच-दहा वॅट-तास, तर लिथियम-आयनचा दीडशे ते अडीचशे. म्हणून तो बॅटरीला हटवत नाही. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पकडायची असेल, किंवा वीज अचानक गेली तरी पवनचक्कीची पाती वळवून ती थांबवायची असेल, अशा क्षणाच्या कामाला तो उपयोगी पडतो. बाजारातला असा कार्बन बराचसा नारळाच्या करवंटीचा असतो. दगडी कोळसा स्वस्त आणि मुबलक, म्हणून कमी खर्चाचं इलेक्ट्रोड करू पाहणारे त्याच्याकडे वळले.

तर मग या सगळ्यात बदललं काय? कार्बनचा अणू तोच आहे, रंगही तोच. तरी दगडी कोळशाच्या ढेकळावर वीज साठवता येत नाही आणि या भुकटीवर येते. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि तो कुंभाराच्या आव्याशी उभं राहून विचारला गेला होता. कच्चं मडकं मातकट असतं, भाजून लाल होतं. हा लाल रंग नेमका कुठे उपजला? वैशेषिकांचं उत्तर असं की आच लागली की मडकं अणूंपर्यंत विस्कटतं, बदल अणूंमध्ये होतो, आणि पिकलेले अणू पुन्हा जुळून नवं मडकं बनतं. हे इतक्या झपाट्याने होतं की पाहणाऱ्याला मडकं अखंडच वाटतं. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे पटलं नाही. आव्यात मडक्यावर मडकं रचलेलं असतं, मधलं मडकं अणूअणू झालं तर वरची कोसळायला हवीत. त्यांचं म्हणणं असं की मडकं सच्छिद्र असतं, आच त्या छिद्रांतून आत शिरते आणि अख्खं मडकंच पिकतं. हा पिठरपाकवाद. मला या वादाचं फार कौतुक वाटतं, कारण दोन्ही बाजूंनी आव्याकडे नीट पाहिलेलं आहे. पण या भुकटीची, म्हणजे सक्रिय कार्बनची, भट्टी दोघांपैकी कोणाच्याही बाजूने कौल देत नाही. अणू स्वतः काहीच बदलत नाही, कार्बन कार्बनच राहतो. अख्खा पदार्थही टिकत नाही, त्याचा मोठा भाग धुरावाटे आणि धुण्यावाटे जातो. बदलतं ते अणूंचं आपसातलं नातं, कोण कोणाशेजारी आहे आणि त्यांच्यामध्ये किती मोकळी जागा सुटली आहे. म्हण ज्याला स्वभाव म्हणत होती तो पदार्थात नव्हताच, तो मांडणीत होता. आणि मांडणी घडवता येते.

बेंबळीच्याच तालुक्यात तेर आहे, गोरोबाकाकांचं. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवाला कच्चं मडकं ठरवलं, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. तिचा शेवट मात्र पुष्कळदा सांगायचा राहतो. नामदेव रुसले, पंढरीला गेले, तिथून औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. म्हणजे गोरोबांचा निकाल मातीवर नव्हता. कच्चं मडकं आणि पक्कं मडकं एकाच चिखलाची असतात, हे कुंभाराला कोणी शिकवायला नको. कच्चं म्हणजे अजून न भाजलेलं, त्यावर उपाय आहे, आणि उपाय कुठे मिळेल हेही त्या परंपरेला माहीत होतं. कोळशाच्या म्हणीतला काळेपणा असा नाही. त्याला उपाय नाही, आणि उपाय नाही हेच ती म्हण ठासून सांगते. एकाच मुलखात, एकाच भाषेत, माणसाविषयी या दोन भूमिका शेजारी शेजारी नांदत आल्या. पहिली कीर्तनात ऐकली जाते आणि दुसरी व्यवहारात वापरली जाते, हे मला आपल्या धर्मजीवनातलं मोठं दुखणं वाटतं.

स्वभावाच्या कल्पनेवर सर्वांत खोल घाव घातला तो नागार्जुनाने. परंपरा त्याचं नाव विदर्भाशी जोडते, पण इथे महत्त्व त्याच्या युक्तिवादाचं आहे. तो म्हणतो की स्वभाव म्हणजे जर कोणत्याही कारणांवाचून, दुसऱ्या कशावरही न विसंबता वस्तूत असलेलं काही, तर ते कधी बदलता कामा नये. बदल तर डोळ्यांसमोर घडतो. म्हणून तसा स्वभाव कशालाच नाही, जे आहे ते कारणं आणि प्रत्यय, म्हणजे पूरक परिस्थिती, यांच्या मेळातून आहे. विरोधक घाबरून विचारतो, सगळं असं शून्य असेल तर मार्ग, साधना, फळ यांचं काय? नागार्जुन उलटा सवाल करतो: वस्तूंना पक्का स्वभाव असता तर कोणी काही साधू शकलं असतं का? अज्ञानी कायमचा अज्ञानी राहिला असता. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. कार्बनमधली छिद्रं म्हणजे नागार्जुनाची शून्यता, असं समीकरण मांडायचा मोह होतो आणि काही लोक ते मांडतीलही. ते चूक आहे. छिद्र ही रिकामी जागा आहे, शून्यता म्हणजे परावलंबन. पण परावलंबनाचं उदाहरण हवं असेल तर हा कार्बन फार चांगलं देतो. एक नॅनोमीटरहून अरुंद छिद्रं सुपरकॅपॅसिटरसाठी निकामी, अशी समजूत बराच काळ होती. द्रावणात आयनाभोवती द्रावकाच्या रेणूंचं वेष्टन असतं, ते घेऊन तो अशा छिद्रात शिरणार कसा? २००६ मध्ये गोगोत्सी, सिमॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथेच धारकता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, वाढते, कारण आयन आपलं वेष्टन काही अंशी टाकून आत जातो आणि भिंतीच्या आणखी जवळ पोचतो. तेच छिद्र मोठ्या आयनाला मात्र खरोखरच बंद असतं. मग छिद्राचा गुण कोणता, चांगला की वाईट? समोर कोणता आयन आहे हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. गुण मांडणीतही पुरता मावत नाही, तो दोघांच्या भेटीत ठरतो.

आता यावर सांख्यांचा आक्षेप येईल, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. कार्य कारणात आधीच असतं, असं सांख्य म्हणतात. तेल तिळातून निघतं, वाळूतून निघत नाही. तसंच, कोळशात ही शक्यता होती म्हणून ती प्रकटली, तुम्ही बेसाल्टचा दगड भट्टीत घातला असता तर वीस गुंठे निघाले असते का? नसते. मग स्वभाव नाही कसा म्हणता? या आक्षेपाची परीक्षा घ्यायला पुण्यात झालेलं एक काम उपयोगी पडतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी कडुलिंबाच्या गळून पडलेल्या वाळक्या पानांची भुकटी, बाहेरून कोणतंही सक्रियक न घालता, एकाच टप्प्यात तापवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या कार्बनला ग्रॅममागे १२३० चौरस मीटर पृष्ठभाग मिळाला, म्हणजे बारा गुंठे, आणि धारकता ग्रॅममागे ४०० फॅरडपर्यंत गेली. पोटॅशियम हायड्रॉक्साइड करतं ते काम पानातल्याच धातूंनी आणि मऊ सेंद्रिय द्रव्यांनी केलं, असं त्यांनी सुचवलं. त्यांनी अशोकाची पानंही तपासली आणि फरक आढळला. कडुलिंबाचं पान आणि अशोकाचं पान यांतून सारखा कार्बन मिळाला नाही. म्हणजे मूळ महत्त्वाचं असतं, हे सांख्याचं म्हणणं खरं. पण याच अभ्यासात हिरवी पानं, न दळलेली वाळकी पानं आणि दळलेली वाळकी पानं अशीही तुलना होती. झाड तेच, पान तेच, तरी ते हिरवं घेतलं की वाळलेलं, दळलं की अखंड ठेवलं, या साध्या गोष्टींचाही हिशेब करावा लागला. सांख्याच्या उदाहरणात तेल तिळातून एकाच तऱ्हेचं निघतं. इथे एकाच मुळातून अनेक फळं शक्य आहेत आणि त्यांतलं कोणतं मिळेल ते मूळ एकटं ठरवत नाही. कोळसा भट्टीत राखही होऊ शकतो, कोकही, ही भुकटीही. एवढी सगळी कार्यं कारणात आधीच दडलेली होती असं म्हटलं, तर ‘दडलेली’ म्हणण्याने काहीच कळत नाही, कारण भट्टीचं दार उघडेपर्यंत कोणतं बाहेर येणार हे त्या सिद्धांतावरून सांगता येत नाही. मूळ काही मर्यादा घालतं. म्हणीचा दावा याहून फार मोठा आहे, ती मर्यादेला नियती म्हणते.

दुसरा आक्षेप पद्धतीवर आहे. पदार्थावरून माणसाकडे उडी मारता येत नाही, कार्बनच्या भट्टीतून नीतिशास्त्र काढणं ही चलाखी झाली, असं कोणी म्हणेल. हे तत्त्व मला मान्य आहे. पण ती उडी आधी म्हणीने मारलेली आहे. कोळशाचा दाखला देऊन माणसाला ठरवून टाकणारी तीच. मी फक्त तो दाखला काढून घेतो आहे. तो काढल्यावर माणसाचा स्वभाव बदलतो हे आपोआप सिद्ध होत नाही, त्यासाठी माणसांकडूनच पुरावा घ्यावा लागेल. तसा पुरावा धाराशिव जिल्ह्यातच आहे. कसबे तडवळ्यात १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतन म्हणजे गावाची ठरावीक कामं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराला बांधून टाकणं. त्या बांधणीचे परिणाम दिसत, मग त्या परिणामांनाच त्या लोकांचा स्वभाव म्हटलं जाई, आणि त्या स्वभावाचा आधार घेऊन बांधणी पुन्हा घट्ट केली जाई. आंबेडकरांनी माणसांच्या स्वभावाशी वाद घातला नाही, त्यांनी बांधणीवर बोट ठेवलं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत त्याच घरांतून शिक्षक, अधिकारी, डॉक्टर, लेखक निघाले. कोणी म्हणेल, गीतेत तर स्वभावातून उपजणारी कर्मं सांगितली आहेत आणि सगळे प्राणी आपल्या प्रकृतीनुसार वागतात, तिथे निग्रह काय करणार, असंही विचारलं आहे. खरं आहे. पण मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे, अशी अर्जुनाची तक्रार येते तेव्हा त्याच गीतेत अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला जातो. प्रकृती जर अढळ असती तर अभ्यासाला अर्थ काय उरला असता? ग्रंथात दोन्ही आहे. त्यांतलं कोणतं वाक्य कोणासमोर म्हणायचं याची निवड वाचणाऱ्यांनी केली, आणि ज्याला शिकू द्यायचं नाही त्याच्यासमोर पहिलं म्हटलं.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांकडून येतो, म्हणून तो मला जास्त धोक्याचा वाटतो. ते म्हणतील, ठीक आहे, स्वभाव बदलतो, पण तो आगीतून गेल्यावरच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हणून दुःख हे वरदान आहे, देव ज्याला घडवतो त्यालाच भाजतो. प्रवचनांतून हे इतकं ऐकू येतं की त्यातली क्रूरता जाणवेनाशी झाली आहे. भट्टी काय सांगते ते पाहा. परळीच्या बॉयलरमध्ये कोळशाला मिळणारी आच नळीच्या भट्टीपेक्षा कमी नसते, उलट जास्तच असते. तिथे त्याची राख होते. फरक एवढाच की तिथे हवा मोकळी आहे आणि इथे नायट्रोजनने ती अडवून धरली आहे. बरं, या बंदोबस्तातही आच फार वाढली किंवा फार वेळ टिकली तर छिद्रांच्या भिंती ढासळतात, बारीक छिद्रं एकमेकांत मिसळतात आणि कमावलेला पृष्ठभाग हातचा जातो. आगीला स्वतःचं पुण्य नाही. किती, किती वेळ आणि कशाच्या आडोशाने, यावर सगळं अवलंबून आहे. या जिल्ह्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला आणि २०१२-१३ चाही. त्या दुसऱ्या दुष्काळात तर पाण्यावाचून परळीचं वीज केंद्रसुद्धा बंद ठेवावं लागलं. कर्जाच्या ओझ्याखाली ज्या शेतकऱ्याने जीव दिला त्याच्या घरी जाऊन दुःखाने माणूस घडतो, असं म्हणता येईल का? तुकोबांचं उदाहरण दिलं जातं. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांची बायको गेली, मूल गेलं, व्यापार बसला, आणि त्यातून तुकोबा उभे राहिले. पण त्याच दुष्काळात जे अगणित लोक रस्त्याच्या कडेला मेले ते कोणत्या हिशेबात धरायचे? उभा राहिलेला एक मोजायचा आणि कोसळलेले लाख सोडून द्यायचे, याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय तुकोबा एकटे आगीत नव्हते. घरात पिढ्यांची पंढरीची वारी होती, आधीच्या संतांची वाणी होती. दुष्काळाने तुकोबा घडवले हे म्हणणं म्हणजे मुशीला, नायट्रोजनला आणि भट्टीपाशी जागणाऱ्या माणसाला वगळून सगळं श्रेय आचेला देणं.

म्हणून स्वभाव बदलतो हा सिद्धांत पत्करला की समाधान मिळत नाही, जबाबदारी वाढते. पक्का स्वभाव मानणाऱ्याला एक सोय असते, दोष नेहमी पदार्थाचा. परिस्थिती मानणाऱ्याला ती सोय नाही. एखाद्या वस्तीतली मुलं शाळा सोडतात तेव्हा त्याला ‘त्यांचं वळणच तसं’ म्हणून उठून जाता येत नाही. पाणी किती लांब आहे, हंगामात आईबाप ऊसतोडीला किती महिने जातात, मागे पोरांकडे कोण पाहतं, हे सगळं त्याला विचारावं लागतं, आणि विचारून झालं की त्यातलं काय बदलणं आपल्या हातात आहे तेही पाहावं लागतं. दैव आणि पुरुषार्थ यांची तोलणी करताना आपल्या परंपरेने पुरुषार्थ बहुधा ज्याचा त्याचा मानला. मला त्यात दुरुस्ती करावीशी वाटते. कोळसा स्वतःला भट्टीत घालत नाही. माणसाजवळ स्वतःचा प्रयत्न असतो हे खरं, पण मूस आणि आडोसा बहुतेकांना दुसऱ्याकडूनच मिळतो, आणि तो देणं न देणं हा त्या दुसऱ्याचा पुरुषार्थ आहे.

राहिला कोळशाचाच प्रश्न, आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. कोळशाला असं उजळून दाखवलं की खाणींना नैतिक आधार मिळतो, असं कोणी म्हणेल. चंद्रपूर भागात उघड्या खाणींसाठी गावं उठली, शेतं गेली, मागे खड्डे आणि मातीचे डोंगर राहिले. इलेक्ट्रोडच्या भुकटीने यातलं काहीच भरून येत नाही. ते भरून येतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एकट्या चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो, त्यापुढे सुपरकॅपॅसिटरला लागणारा कोळसा नगण्य आहे, त्याच्यासाठी एकही नवी खाण उघडायची गरज नाही आणि उघडूही नये. स्वस्त हा शब्दही तपासून घ्यायला हवा. आम्लाचं आणि क्षाराचं धुणं ओढ्यात सोडून दिलं तर इलेक्ट्रोड घेणाऱ्याला स्वस्त पडतं आणि ओढ्याकाठच्या विहिरीला महाग. ते पाणी उदासीन करून, क्षार परत मिळवून, मगच जो भाव निघेल तो खरा भाव. तसा हिशेब केला तर खाणीतला कोळसा सगळ्यात स्वस्त ठरेलच असं नाही. पुण्यातल्या प्रयोगाचं मोल मला इथे दिसतं. त्यात वरून क्षार घालावा लागला नाही आणि पान तर केरात जाणारं होतं. बेंबळीत लिंब दारोदार आहे, तूर काढली की तुराट्यांच्या पेंढ्या बांधावर पडलेल्या असतात, त्यांतल्या काही चुलीत जातात, काही कुडाला लागतात आणि बाकीच्या पेटवून दिल्या जातात. तुराटीचा कार्बन लिंबाच्या पानाइतका चांगला निघेल का, हे तापवून मोजल्याशिवाय कळणार नाही. धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. एक नळीची भट्टी, नायट्रोजनचं एक नळकांडं, धारकता मोजायचं यंत्र आणि धुण्याचं पाणी निवळायची टाकी एवढी सोय तिथे करून दिली, तर बेंबळीची पोरं आपल्याच बांधावरच्या तुराटीवर हे काम करू शकतील.